सुभानमंगळ ते खूबलढा

पुणे-सातारा महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यांना शिरवळ माहीत असते ते कारखाने, उड्डाणपूल आणि चहाच्या टपऱ्या एवढ्यापुरतेच. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. त्या सुरुवातीचेच हे गाव. पण महामार्ग सोडून गावात शिरावे आणि नदीच्या अंगाला जावे, म्हणजे एका भुईकोटाची जागा लागते. किल्ला म्हणावे असे आता तिथे फारसे काही उरलेले नाही. उरले आहे ते नाव. सुभानमंगळ.

या नावापाशी आम्ही नेहमी थबकतो. ‘सुभान’ हा अरबी शब्द. तस्बीहचे मणी ओढताना आपल्या घरातली म्हातारी माणसे रोज तो उच्चारतात. ‘मंगळ’ हा संस्कृत घरातला, लग्नाच्या मांडवातला शब्द. दोन्ही शब्द पवित्र, दोन्ही शुभ. कुणीतरी कधीतरी ते एकमेकांना जोडून किल्ल्याला दिले आणि लोकांनी ते बिनबोभाट स्वीकारले. नाव कुणी ठेवले याचा वाद शिरवळमध्ये आम्ही तरी कधी ऐकलेला नाही.

याच सुभानमंगळावर १६४८ साली लढाई झाली. स्वराज्याच्या पहिल्या लढायांपैकी ती एक. शहाजीराजे कैदेत होते आणि शिवाजीराजे जेमतेम अठरा वर्षांचे होते. विजापूरच्या आदिलशहाने फत्तेखान नावाच्या सरदाराला त्यांच्यावर पाठवले. फत्तेखानाने बेलसरला तळ दिला आणि एक तुकडी शिरवळवर धाडली. तिने सुभानमंगळ घेतला. मग पुरंदरावरून राजांनी कावजी मल्हार याला पाठवले. त्याने किल्ला परत जिंकला आणि आदिलशाही तुकडीचा सरदार त्या लढाईत पडला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग तपशिलाने आला आहे.

शिरवळच्या शाळेत हा धडा आम्ही लहानपणी शिकलो, तेव्हा वर्गातली दोन-चार मुले ‘फत्तेखान’ म्हटले की आमच्याकडे वळून पाहत आणि आम्ही पाटीत डोके खुपसत असू. आमच्या सुभानमंगळावर आदिलशहाच्या वतीने चाल करून आलेल्या सरदाराचे नाव बाळाजी हैबतराव होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. फत्तेखानाच्या फौजेत मुसेखान होता, तसे फलटणचे निंबाळकर होते आणि घाटगेही होते. त्या काळचा शिपाई कुणाच्या बाजूने उभा आहे हे वतन, चाकरी आणि खाल्ल्या मिठावर ठरत असे. हे आम्हाला कुणी त्या वयात सांगितले असते तर पाटीतले डोके वर राहिले असते.

शिरवळहून रायगडाला जायचे ठरले ते असे शाळेतले दिवस आठवता आठवताच. आम्ही चार-पाच जण. दोघे शिक्षक, एक एसटीतून निवृत्त झालेला, आणि आमच्यापैकी एकाचे चाचा-चाची. चाचांनी पंच्याहत्तरी ओलांडलेली. घर मुलाण्याचे. जत्रेचे बोकड, नवसाचा कोंबडा, गावकीतले हे काम त्यांच्या वडिलांनी केले आणि त्यांनी पुढे पन्नास वर्षे मटणाचे दुकान चालवले. चाची गुडघ्यांनी बेजार. डोंगर त्यांनी आयुष्यात दोनदाच चढला. एकदा हाजी मलंगला आणि एकदा विशाळगडावर मलिक रेहानबाबांच्या दर्ग्याला. रायगडाचे नाव काढताच त्या म्हणाल्या, “आपण जायचं तिथं? कुणी काही म्हणालं तर?”

या प्रश्नाला आम्ही हसण्यावारी नेऊ शकलो नाही. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या वाटेवर गजापूरला मशिदीवर आणि घरांवर जमाव चालून गेला, ते सारे चाचींनी टीव्हीवर पाहिलेले होते. गड म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे आता तेच येई. आम्ही एवढेच म्हणालो, “चाची, रोपवे आहे. चढायचं नाही.” त्यांना गुडघ्यांची काळजी नव्हती हे आम्हालाही ठाऊक होते.

वाट सांगायची तर अशी. शिरवळहून भोरला एसटी. भोर हे पंत सचिवांच्या संस्थानचे गाव, नदीकाठी त्यांचा राजवाडा अजून उभा आहे. भोरहून महाडची गाडी वरंधा घाटाने जाते. हा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवावा लागतो आणि गेल्या काही वर्षांत रुंदीकरणाच्या कामासाठीही बंद राहिला आहे. म्हणून आधी भोर आगारात चौकशी करावी आणि मगच निघावे. घाट बंद असेल तर सुरूरच्या फाट्यावरून वाई, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर असे महाडला उतरता येते. ही वाट लांबची आहे, पण सगळी एसटीची आहे. महाडहून रायगड सुमारे २५ किलोमीटर. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट वयस्कर माणसांनी करू नये. महाडला एक मुक्काम टाकावा.

ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. कंडक्टरने आधार कार्ड पाहिले आणि चाचांना शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले. चाचा म्हणाले, “पन्नास वर्षं दुकान एक दिवस बंद ठेवलं नाही. आता सरकार म्हणतंय, फिर.”

भोर सोडले की रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेने जातो. आमच्या शिरवळला वळसा घालून जाणारी नीरा इथल्याच डोंगरांतून येते. म्हणजे आम्ही आपल्याच नदीच्या उगमाकडे चाललो होतो. वाघजाईपाशी गाडी थांबली. भज्यांचा वास, समोर कोकणाचा खोल उतार. चाचींनी खिडकीतून खाली पाहिले आणि पदर सावरून दुरूद पुटपुटायला सुरुवात केली. माझेरी, बिरवाडी करत गाडी महाडला उतरली तेव्हा उन्हे कलली होती.

महाडला चवदार तळ्याच्या काठी आम्ही मुद्दाम गेलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे ओंजळभर पाणी घेतले हे सर्वांना माहीत असते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, जिथे मनुस्मृतीचे दहन झाले त्या परिषदेसाठी मात्र महाडात कुणी जागा देईना. तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. त्यांचे नाव फत्तेखान. १६४८ चा फत्तेखान आम्हाला शाळेत भेटला होता. १९२७ च्या फत्तेखानाची भेट व्हायला पन्नाशी उलटावी लागली. धड्यात एकच फत्तेखान मावतो आणि तो कुठला असावा हे धडा लिहिणारा ठरवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायगडची गाडी धरली. पायथ्याला पाचाड. इथे जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला जिजाऊंचे निधन झाले. त्याच उन्हाळ्यात मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन या पायथ्याशी येऊन गडावर बोलावणे येण्याची वाट पाहत थांबला होता. वर गेल्यावर हत्ती पाहून तो चकित झाला. इतक्या बिकट वाटेने हे जनावर वर आणले कसे, हे त्याला उमगेना.

या वकिलातीची हकीकत जॉन फ्रायर या कंपनीच्या डॉक्टरने आपल्या प्रवासवर्णनात दिली आहे. ते पुस्तक लंडनला १६९८ साली छापले गेले. त्यात एक छोटासा प्रसंग आहे. राज्याभिषेकाच्या वर्णनांत तो सहसा कुणी सांगत नाही. इंग्रजांना मांस पुरवणारा एक खाटीक होता. खूप म्हातारा. गडावर मांस खाणारे थोडे, त्यामुळे त्याचा धंदा बेताचा. या पाहुण्यांनी मात्र काही दिवसांत इतके मांस घेतले की तेवढे त्याने कित्येक वर्षांत विकले नव्हते. हे आपले गिऱ्हाईक आहे तरी कोण, हे डोळ्यांनी पाहायला तो म्हातारा गड चढून वर आला.

फ्रायरने त्याचे नाव लिहिलेले नाही, त्याचा मजहबही लिहिलेला नाही. तो आमच्यापैकी होता असा दावा आम्ही करणार नाही. पण पाचाडच्या थांब्यावर ही गोष्ट चाचांना सांगितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते आम्ही विसरणार नाही. राजा, सरदार, वकील यांच्या गोष्टी त्यांनी खूप ऐकल्या होत्या. रायगडाच्या इतिहासात आपल्या धंद्याचा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला. “किती वय असेल त्याचं?” त्यांनी दोनदा विचारले.

रोपवेचे खालचे स्थानक हिरकणीवाडीला आहे. तो १९९६ साली सुरू झाला. गड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच, पायऱ्या दीड हजारांच्या आसपास. चालत जायला दीड-दोन तास लागतात, रोपवेने चार-पाच मिनिटे. पाळणा जमिनीवरून सुटला की कडा एकदम अंगावर येतो. चाचींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या वर होत्या.

वरचे स्थानक मेणा दरवाजाजवळ, राणीवशाच्या बाजूला आहे. मेण्यातून जाणाऱ्या राण्यांची ही बाजू, त्यामुळे चाचींना शोभेलसाच प्रवेश झाला. तिथून बालेकिल्ला हाकेवर. राजसदर, नगारखाना, गंगासागर तलाव आणि त्याच्या काठचे बारा कोनांचे मनोरे. हिरोजी इंदुलकरांनी हा गड बांधला. जगदीश्वराच्या मंदिरापाशी पायरीच्या दगडावर त्यांनी आपले नाव कोरून ठेवले आहे. त्या मंदिराचा घुमट आणि कोपऱ्यांवरचे लहान मिनार पाहून चाची म्हणाल्या, “हे तर आपल्यासारखंच दिसतं.” आमच्यातल्या शिक्षकाने समजावले की हे ना आपले ना परके, हे दख्खनचे बांधकाम आहे. विजापूर, अहमदनगरच्या बांधकामात मुरलेल्या गवंड्यांचे हात जसे वळले तशी कमान वळली. बालेकिल्ल्यातला ‘बाला’ फारसी, म्हणजे वरचा. नगारखाना, दरवाजा, बुरूज हे शब्दही तिकडूनच आलेले. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि राजभाषेतल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तो राज्यकर्त्याचा विचारपूर्वक निर्णय होता. पण गडाच्या पायऱ्यांवरून ये-जा करणाऱ्यांच्या तोंडी दरवाजा दरवाजाच राहिला.

समाधीपाशी गर्दी होती. चाची चप्पल काढून बाजूला उभ्या राहिल्या. दुसऱ्या बायका करत होत्या तसेच. कुणी काही म्हणाले नाही. जुहरची वेळ झाली तेव्हा चाचा म्हणाले, “नमाज खाली जाऊन पढू. इथं कुणाला बोलायला विषय नको.” आम्ही मान हलवली. ज्या गडाला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने सगळ्या जगाचा वारसा म्हणून यादीत घेतले, तिथे उभे राहून आम्ही हे ठरवत होतो.

परतताना आम्ही चाचींना एका शिक्षकाबरोबर रोपवेने पाठवले आणि बाकीचे पायऱ्यांकडे वळलो. चाचाही आमच्याबरोबर निघाले. आम्ही अडवले. ते म्हणाले, “तो म्हातारा चढून आला होता. मला उतरताही येणार नाही?”

पायऱ्यांची वाट हत्ती तलावावरून महादरवाजाकडे येते. दोन प्रचंड बुरूज आणि त्यांच्या मधोमध लपलेले प्रवेशद्वार. नाव अर्धे संस्कृत, अर्धे फारसी. गडाचे भाग्य या दरवाजाने कितीदा बदलताना पाहिले. १६८९ मध्ये औरंगजेबाच्या झुल्फिकारखानाने गड घेतला, येसूबाई आणि लहानग्या शाहूराजांना कैद करून नेले. मोगलांनी गडाला नवे नाव दिले, ‘इस्लामगड’. पुढे तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला आणि १७३३ मध्ये मराठ्यांनी परत घेतला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या, राजवाडे जळाले आणि १० मे रोजी गड पडला. त्या शेवटच्या वेळी पेशव्यांच्या बाजूने गड राखणाऱ्या शिबंदीत अरब शिपाई होते.

‘इस्लामगड’ हे नाव कुठे गेले? चव्वेचाळीस वर्षे हुकूम होता, पण नाव कुणाच्या तोंडी बसले नाही. नाव धर्माचे असले म्हणून रुजत नाही. सुभानमंगळ रुजले, कारण ते गावच्या जिभेवर घडले. इस्लामगड वाळला, कारण तो वरून लादलेला होता. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात इस्लामपूरचे ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. त्या बातमीने दुखावलेल्या आमच्या बांधवांना आणि त्या बातमीने सुखावलेल्या आमच्या मित्रांना, दोघांनाही या महादरवाजात पाच मिनिटे बसवावे असे आम्हाला वाटले.

खाली उतरताना थोडी सपाटी लागते. दोन पडक्या इमारती, एक मोठी तोफ. यालाच मदार मोर्चा किंवा मशीद मोर्चा म्हणतात. आणि इथे मदनशहा नावाच्या साधूचे थडगे आहे. चाचा थांबले, टोपी नीट केली आणि हात उचलून फातिहा पढले. वर समाधीपाशी आम्ही सगळ्यांबरोबर उभे होतो, इथे आमच्याशिवाय कुणी नव्हते. रोपवेने जाणाऱ्याला हे थडगे दिसत नाही. पाळणा सुटतो तो मधले सगळे टाळून वर पोचवतो.

तिथल्या दगडावर टेकलो असताना आमच्या मनात आले की इतिहासालाही आपण रोपवे बसवला आहे. काही जण अफजलखान, फत्तेखान अशा दोन-तीन नावांवर पाळण्यात बसतात आणि थेट आजच्या मोहल्ल्यात उतरतात. आम्हीही काही कमी नाही. व्याख्यानाला उभे राहिलो की पायदळाचा सरनोबत नूरबेग, आरमारातला दौलतखान, पन्हाळ्याचा वेढा फोडायला गेलेला सिद्दी हिलाल, फारसी पत्रव्यवहार पाहणारा काझी हैदर अशी यादी म्हणतो आणि निष्ठेचा दाखला दाखवल्यासारखे खाली बसतो. ही सगळी माणसे खरी आहेत, त्यांचा अभिमानही रास्त आहे. पण यादी हाही रोपवेच. त्यात मधली वाट दिसत नाही. त्या मधल्या वाटेवर म्हातारा खाटीक आहे, मदनशहा आहे, कमान वळवणारा गवंडी आहे, जत्रेचे बोकड कापणारा मुलाणी आहे. त्यांना कुणी दाखला मागितला नव्हता आणि त्यांनी दिलाही नव्हता. ते इथे होते, एवढेच.

आम्ही बसलो असताना खालून भगवा झेंडा घेतलेली दहा-बारा पोरे घोषणा देत वर आली. चाचांच्या डोक्यावर टोपी तशीच होती. आमच्यापैकी एकाचा हात नकळत त्यांच्या खांद्यावर गेला. पुढचा पोरगा धापा टाकत थांबला आणि म्हणाला, “आजोबा, अजून किती राहिलं?” चाचा म्हणाले, “थोडंच. पाणी पिऊन जा.” त्याने आमच्याच बाटलीतले पाणी प्यायले आणि ती पोरे पुढे गेली. यावरून सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणणार नाही. गजापूरची घरे त्यामुळे उभी राहत नाहीत. पण खांद्यावर गेलेला आमचा तो हात आम्हाला पुढे बराच वेळ खुपत राहिला, हेही लिहिले पाहिजे.

पायथ्याच्या थोडे आधी एक बुरूज लागतो. नाव खूबलढा. ‘खूब’ फारसी, ‘लढा’ मराठी. सुभानमंगळाचा हा सख्खा भाऊ. चाचांना फोड करून सांगितली तेव्हा ते काठी टेकत म्हणाले, “म्हणजे मीच की. खूप लढलो आज.” अडीच तास लागले होते. त्याच्या जवळच चित दरवाजाची जागा आहे. दरवाजा आता नाही, नाव आहे.

हिरकणीवाडीला चाची चहाच्या टपरीवर आमची वाट पाहत होत्या. टपरीवाल्या बाईशी त्यांची ओळख होऊन सुनांच्या तक्रारींपर्यंत गोष्ट पोचली होती. चाचांनी मदनशहाचे थडगे पाहिल्याचे सांगितले तेव्हा चाची आमच्यावर रागावल्या. “मला का नाही नेलं?” त्या म्हणाल्या. “गुडघ्यांचं मी पाहिलं असतं.”

त्यांचा राग खरा होता. म्हणून जाणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. रोपवे वाईट नाही. चाचींसारख्या हजारो माणसांना त्याने रायगड दाखवला. पण वर गेल्यावर निदान महादरवाजापर्यंत पायी उतरा, जमेल तर मदार मोर्चापर्यंत या. गुडघे दुखतील. आणि घरातल्या मुलाने शाळेतून येऊन फत्तेखानाचे नाव काढले, तर त्याला बाळाजी हैबतराव सांगा आणि महाडचा दुसरा फत्तेखानही सांगा.

भोरहून शेवटच्या गाडीने शिरवळला उतरलो तेव्हा अंधार झाला होता. चाचा घरी जायच्या आधी नदीच्या बाजूला वळले. पन्नास वर्षे ते दुकानातून घरी याच बाजूने जात होते. त्या रात्री मात्र त्यांनी पहिल्यांदाच विचारले, “सुभानमंगळ नेमका कुठवर होता रे?” आम्ही मोबाईलचा उजेड धरला आणि जमेल तेवढी जागा दाखवली.